जी, पी, एल, ए: गर्भधारणेच्या इतिहासाची नोंद कशी घ्यावी आणि कशी वाचावी

प्रसूतिपूर्व तपासणीच्या केसपेपरवर सर्वांत वर, नाव आणि वयाच्या शेजारी, ‘जी-३ पी-१ एल-१ ए-१’ अशी एक ओळ असते. त्या स्त्रीला आजवर किती वेळा दिवस राहिले (जी), त्यांतल्या किती गर्भधारणा पुढे गेल्या (पी), किती थांबल्या (ए) आणि आज किती मुले हयात आहेत (एल), एवढे त्या ओळीत मावते. प्रसूतिकक्षात धावपळीच्या वेळी डॉक्टर आणि सिस्टर पहिली नजर तिथेच टाकतात. ही ओळ चुकते ती अक्षरांचे अर्थ ठाऊक नसल्याने कमी आणि ती फार लवकर लिहिली जाते म्हणून जास्त. मुले किती हे विचारून थेट आकडे मांडले की उत्तर बहुधा चुकते. आधी पूर्ण हकिकत, मग तारखा, आणि सगळ्यात शेवटी अक्षरे, हा क्रम मोडू नये.

हा लेख नव्याने रुजू झालेल्या परिचारिका, एएनएम, आशा कार्यकर्त्या आणि प्रसूतिगृहांतील नोंदणी कर्मचारी यांच्यासाठी आहे. स्वतःची फाइल समजून घेऊ पाहणाऱ्या स्त्रियांनाही तो वापरता येईल. उपचाराचा निर्णय मात्र तपासणाऱ्या डॉक्टरांचाच राहील.

## तयारी: प्रश्न विचारण्यापूर्वी

पहिली तयारी कागदांची. ठाणे आणि नवी मुंबईत नोंदणीला येणाऱ्या बऱ्याच स्त्रियांचे पहिले बाळंतपण माहेरी, म्हणजे सातारा, सांगली, जळगाव किंवा कोकणात झालेले असते आणि त्याचे डिस्चार्ज कार्ड तिथल्याच कपाटात राहते. अशा वेळी ‘नॉर्मल झाली होती’ एवढ्यावर समाधान न मानता भावाला किंवा आईला फोन करून कार्डाचा फोटो मोबाइलवर मागवून घेण्यास सांगावे. मागील डिस्चार्ज कार्डे, पहिल्या तिमाहीतील सोनोग्राफीचा अहवाल, रक्तगटाचा अहवाल, माता व बाल संरक्षण कार्ड आणि पूर्वी शस्त्रक्रिया झाली असल्यास तिचा कागद, एवढे हाताशी असेल तर निम्मे प्रश्न विचारावेच लागत नाहीत.

दुसरी तयारी एकांताची, आणि ती अधिक महत्त्वाची आहे. ओपीडीच्या बाकावर एका बाजूला सासूबाई आणि दुसऱ्या बाजूला नवरा बसलेला असताना लग्नापूर्वीच्या किंवा न सांगता केलेल्या गर्भपाताविषयी खरे उत्तर मिळण्याची अपेक्षा करणे चूक आहे. ‘वजन आणि बीपी घ्यायचे आहे, ताई, आत या’ असे म्हणून तिला एकटीला आत घ्यावे आणि हे प्रश्न तिथेच विचारावेत.

तिसरी गोष्ट म्हणजे आपल्या रुग्णालयाची पद्धत आधीच विचारून ठेवावी. पी मोजताना किती आठवड्यांची रेषा धरतात, म्हणजे किती आठवड्यांनंतर गर्भधारणा ‘पुढे गेली’ असे मानतात, आणि एकट्या पी ऐवजी टी-पी-ए-एल ही चार आकड्यांची पद्धत वापरतात का, हे दोन प्रश्न पहिल्याच दिवशी वरिष्ठ सिस्टरांना विचारावेत.

## टप्पा १: तारीख निश्चित करणे

शेवटच्या पाळीची तारीख, म्हणजे एलएमपी, ही त्या पाळीच्या पहिल्या दिवसाची असते. पाळी संपल्याचा किंवा चुकल्याचा दिवस लिहिला की पुढचा सगळा हिशेब सरकतो. तारीख आठवत नसेल तर सणांचा आधार घ्यावा. गौरी-गणपतीच्या आधी की नंतर, नवरात्रात घटाला शिवायला चालले होते का, संक्रांतीच्या हळदीकुंकवाला जाता आले होते का, अशा प्रश्नांवर पुष्कळ जणींना नेमका दिवस आठवतो, आणि मग भिंतीवरच्या दिनदर्शिकेतून तारीख काढता येते.

या तारखेत नऊ महिने आणि सात दिवस मिळवले की प्रसूतीची अपेक्षित तारीख, म्हणजे ईडीडी, मिळते. एलएमपी १० जानेवारी असेल तर ईडीडी १७ ऑक्टोबर येते आणि मधले दिवस २८० भरतात. हा हिशेब २८ दिवसांनी नियमित येणाऱ्या पाळीसाठी आहे. पाळी अनियमित असल्यास पहिल्या तिमाहीतील सोनोग्राफीवरून डॉक्टर जी तारीख ठरवतील तीच धरावी आणि ती कशावरून ठरली हेही शेजारी नोंदवावे.

आता महिन्यांविषयी थोडे सविस्तर सांगणे भाग आहे, कारण आपल्याकडील सर्वाधिक घोटाळे येथे होतात. ‘सातवा लागला होता’ आणि ‘सात भरले होते’ या दोन वाक्यांत जवळजवळ एका महिन्याचे अंतर आहे. सहा महिने पूर्ण होऊन सातवा लागतो तेव्हा साधारण २६ आठवडे झालेले असतात, तर सात महिने भरतात तेव्हा साधारण ३० आठवडे. पी आणि ए यांच्यातील २८ आठवड्यांची रेषा नेमकी या दोहोंच्या मध्ये पडते, त्यामुळे ‘सातव्यात गेलं’ एवढेच ऐकून अक्षर ठरवता येत नाही. शिवाय काही जणी महिने मोजतात ते पाळी चुकल्यापासून, म्हणजे आणखी चार आठवड्यांचा फरक. म्हणून महिन्यांत मिळालेले उत्तर तसेच लिहून न घेता, त्या वेळची एलएमपी, सोनोग्राफीची तारीख किंवा बाळाचे वजन यांपैकी जे मिळेल त्यावरून आठवडे काढावेत आणि काढता आले नाहीत तर ‘आठवडे अनिश्चित’ असे स्पष्ट लिहावे.

पडताळणी: केसपेपरवर एलएमपी, ईडीडी आणि आजचे पूर्ण आठवडे, तिन्ही आहेत का? एक जरी नसेल तर पुढे जाऊ नये.

## टप्पा २: प्रत्येक गर्भधारणेची एक ओळ

कोऱ्या कागदावर क्रमांक घालून पहिल्या गर्भधारणेपासून आजच्या गर्भधारणेपर्यंत एकेक ओळ लिहावी. प्रत्येक ओळीत वर्ष, किती आठवडे, काय झाले, प्रसूती कशी आणि कुठे झाली, बाळाचे वजन, बाळ आज कसे आहे आणि त्या वेळी काही गुंतागुंत झाली का, एवढे असावे.

प्रश्नाचे शब्द येथे निर्णायक ठरतात. ‘मुले किती?’ या प्रश्नाला ती मुलांचीच संख्या सांगणार. ‘आजवर किती वेळा दिवस राहिले, मग ते पुढे टिकले असोत की नसोत?’ असे विचारावे. त्यानंतर ‘पहिल्या आणि दुसऱ्या बाळाच्या मध्ये कधी पाळी चुकून टेस्ट पॉझिटिव्ह आली होती का?’ असे प्रत्येक दोन बाळंतपणांमधील काळाविषयी वेगळे विचारावे. राहून गेलेली गर्भधारणा बहुतेक वेळा या दुसऱ्या प्रश्नावर सापडते.

उत्तरे घरगुती भाषेत येतात आणि ती नीट उलगडून घ्यावी लागतात. ‘खाली केलं’ म्हणजे गोळ्या घेऊन की दवाखान्यात जाऊन, हे विचारावे. ‘बाळ पोटातच गेलं’ म्हटल्यावर आठवडे विचारल्याशिवाय ओळ पूर्ण होत नाही. ‘नळीत राहिलं होतं’ म्हणजे एक्टोपिक, आणि त्यात नळी काढावी लागली का हेही लिहावे. ‘पिशवी साफ केली’ या शब्दांनी तर अनुभवी माणसेही फसतात, कारण गर्भपात अपूर्ण राहिला म्हणूनही पिशवी साफ करतात आणि दिवस राहिलेले नसताना निव्वळ जास्त रक्तस्राव होतो म्हणूनही करतात. पहिल्या कारणासाठी केली असेल तर ती गर्भधारणेची ओळ झाली. दुसऱ्या कारणासाठी असेल तर ती या यादीत येतच नाही, शस्त्रक्रियांच्या इतिहासात जाते.

इशारा: मृत बाळाविषयी विचारताना घाई करू नये. ‘बाळ आज कसे आहे?’ हा प्रश्न प्रत्येक ओळीला सारख्याच स्वरात विचारला, तर गेलेल्या बाळाचा विषय तिला स्वतःहून काढावा लागत नाही.

## टप्पा ३: जी, म्हणजे एकूण किती वेळा

आता अक्षरांकडे वळायचे. जी म्हणजे ग्रॅव्हिडा, अर्थात एकूण गर्भधारणा. टप्पा २ मधील ओळी मोजल्या की जी मिळाला, आणि आजची गर्भधारणा त्यात धरायची. जुळे असो वा तिळे, ती एकच गर्भधारणा आणि एकच ओळ. एक्टोपिक, द्राक्षगर्भ (गर्भाऐवजी द्राक्षांच्या घडासारख्या फोडांची वाढ), पाचव्या आठवड्यात आपोआप पडलेला गर्भ, या सगळ्यांची जीमध्ये गणना होते.

## टप्पा ४: पी, म्हणजे किती गर्भधारणा रेषेपलीकडे गेल्या

पी म्हणजे पॅरा. गर्भ बाहेर जगू शकेल असे जे किमान आठवडे मानले जातात, त्यांपलीकडे गेलेल्या गर्भधारणांची ही संख्या आहे. भारतातील पाठ्यपुस्तकांतून परंपरेने ही रेषा २८ आठवड्यांची शिकवली जाते, ब्रिटनमध्ये २४ आणि अमेरिकेत २० आठवड्यांची. त्यामुळे २५ आठवड्यांना मृत जन्मलेले बाळ एका पद्धतीत पीमध्ये आणि दुसरीत एमध्ये जाऊ शकते. यावर वाद घालण्यापेक्षा आपल्या रुग्णालयाची रेषा पाळावी आणि अशा ओळीपुढे आठवडे न चुकता लिहावेत, म्हणजे वाचणारा स्वतःच्या पद्धतीने ती समजून घेईल.

पीमध्ये सर्वाधिक वेळा होणाऱ्या चुका तीन आहेत. बाळ मृत जन्मले म्हणून ती गर्भधारणा वगळतात, पण रेषेपलीकडे गेली असेल तर ती पीमध्ये येतेच. जुळ्यांसाठी पी दोनने वाढवतात, तो एकनेच वाढतो. आणि सिझेरियन झाले म्हणजे ‘डिलिव्हरी’ झाली नाही असे समजून ते सोडून देतात. पीचा संबंध प्रसूतीच्या प्रकाराशी नाही, तसा बाळाच्या जिवंत असण्याशीही नाही.

आजची गर्भधारणा ३८ आठवड्यांची असली तरी प्रसूती होईपर्यंत ती पीमध्ये धरायची नाही.

## टप्पा ५: ए, म्हणजे रेषेआधी थांबलेल्या

ए म्हणजे अबॉर्शन, आणि वैद्यकीय नोंदीत हा शब्द आपोआप झालेल्या आणि करवून घेतलेल्या अशा दोन्ही गर्भपातांना लागू होतो. एक्टोपिक आणि द्राक्षगर्भही सहसा याच अक्षरात मोजले जातात, मात्र ते शेजारी शब्दांतही लिहावेत, कारण एकदा एक्टोपिक झालेल्या स्त्रीला पुन्हा दिवस राहताच गर्भ कुठे आहे हे लवकर पाहावे लागते आणि नुसत्या ‘ए-१’ वरून ते कोणाच्या लक्षात येणार नाही.

दोन वेळा गर्भ पडून आता तिसऱ्यांदा दिवस राहिलेली स्त्री घरच्यांच्या लेखी पहिलटकरीणच असते. नोंदीत ती ‘जी-३ पी-० ए-२’ आहे. तिला ‘प्रायमी’, म्हणजे पहिल्यांदाच गर्भवती, असे लिहिणे ही चूक मी सर्वाधिक गंभीर मानतो, कारण ती सुटसुटीत दिसते आणि पुढे कोणी तपासत नाही.

पडताळणी: आज गर्भवती असलेल्या स्त्रीसाठी पी अधिक ए अधिक एक बरोबर जी यायलाच हवा. प्रसूती होऊन गेलेली किंवा सध्या गर्भवती नसलेली स्त्री असेल तर पी अधिक ए बरोबर जी. बेरीज जुळली नाही तर आकडा खोडून जुळवू नये, टप्पा २ च्या ओळींकडे परत जावे.

## टप्पा ६: एल आणि डी

एल म्हणजे आज हयात असलेली, तिच्या पोटची मुले. येथे प्रथमच गर्भधारणा सोडून मुले मोजायची असतात, म्हणून जुळ्यांतील दोघेही हयात असतील तर दोन धरायचे. तिसऱ्या वर्षी दगावलेले मूल एलमध्ये येत नाही. दत्तक घेतलेले आणि नवऱ्याच्या पहिल्या लग्नाचे मूलही येत नाही, मग ते तिला आई म्हणत का असेना. एल हा पीपेक्षा कमी, समान किंवा जास्त, काहीही असू शकतो. दोन्ही सारखेच असले पाहिजेत या समजुतीने आकडा दुरुस्त करू नये.

डी म्हणजे दगावलेली मुले. मृत जन्मलेले बाळ यात धरायचे की नाही याबाबत ठिकठिकाणी वेगळी रीत आढळते, म्हणून डीच्या पुढे ‘मृत जन्म, ३२ आठवडे’ किंवा ‘चौथ्या दिवशी दगावले’ असे दोन शब्द लिहिल्याशिवाय तो आकडा निरुपयोगी आहे.

सोनोग्राफी केंद्रावर फॉर्म एफ भरताना हयात मुलगे आणि मुली यांची संख्या व वये वेगळी विचारतात. १९९४ च्या गर्भलिंगनिदानविरोधी कायद्याखालील तो नमुना आहे आणि त्यातली मुलांची एकूण संख्या केसपेपरवरील एलशी जुळायला हवी.

## एक उदाहरण, ओळीपासून अक्षरांपर्यंत

घणसोलीत राहणारी एक काल्पनिक स्त्री घेऊ. २०१६ मध्ये कराडला माहेरी ३९ आठवड्यांना नैसर्गिक प्रसूती, मुलगी, ठणठणीत. २०१८ मध्ये ९ आठवड्यांना गोळ्या घेऊन गर्भपात. २०२० मध्ये वाशीला ३३ आठवड्यांना सिझेरियन, जुळे, त्यांतील एक चौथ्या दिवशी दगावले, दुसरा मुलगा शाळेत जातो. आज पुन्हा १४ आठवडे.

ओळी चार, म्हणून जी-४. २०१६ आणि २०२० मिळून पी-२. २०१८ चा ए-१. हयात मुलगी आणि मुलगा, एल-२. दगावलेले एक, डी-१. बेरीज: दोन अधिक एक अधिक एक, चार. नोंद झाली ‘जी-४ पी-२ एल-२ ए-१ डी-१’.

आता हेच ‘मुले किती?’ विचारून लिहिले असते तर? ‘दोन’ असे उत्तर येते आणि कागदावर ‘जी-३ पी-२ एल-२’ उतरते. बेरीजही जुळते, दोन अधिक एक तीन, त्यामुळे वरची पडताळणी हे पकडू शकत नाही. पी आणि एल योगायोगाने बरोबरच आले आहेत. पण गर्भपात गेला, जुळे गेले, वेळेआधीची प्रसूती गेली आणि दगावलेले बाळही गेले. तिचा रक्तगट आरएच निगेटिव्ह असेल तर २०१८ मध्ये अँटी-डी इंजेक्शन (पुढच्या बाळाला रक्तगटातील फरकाचा त्रास होऊ नये म्हणून देतात ते) मिळाले होते का, हा प्रश्न आता कोणी विचारणारच नाही. पडताळणीची बेरीज लिहिलेल्या ओळींची चूक दाखवते, न लिहिलेल्या ओळीची दाखवू शकत नाही. टप्पा २ वर एवढा भर देण्याचे कारण हेच आहे.

## टप्पा ७: टी-पी-ए-एल ही दुसरी पद्धत ओळखणे

परदेशात पहिले बाळंतपण झालेल्या स्त्रिया नवी मुंबईत आता पुष्कळ भेटतात आणि त्यांच्या कागदांवर चार आकडे ओळीने असतात. त्यांत टी म्हणजे ३७ पूर्ण आठवडे किंवा त्यानंतरच्या प्रसूती, पी म्हणजे २० आठवड्यांपासून ३६ आठवडे ६ दिवसांपर्यंतच्या, ए म्हणजे २० आठवड्यांपूर्वी थांबलेल्या गर्भधारणा आणि एल म्हणजे हयात मुले. वरील उदाहरण या पद्धतीत ‘जी-४ टी-१ पी-१ ए-१ एल-२’ असे होईल. या पद्धतीतला पी म्हणजे पॅरा नव्हे, वेळेआधीची प्रसूती आहे, हे ध्यानात न ठेवल्यास तिची दोन बाळंतपणे एक होतात. ब्रिटनकडील कागदावर ‘पी १+१’ अशी खूण दिसली तर अधिकच्या चिन्हाआधीचा आकडा २४ आठवड्यांपलीकडच्या आणि नंतरचा त्याआधी संपलेल्या गर्भधारणांचा असतो.

इशारा: नुसते आकडे कधीही लिहू नयेत. आपल्याकडे बहुधा एल आधी आणि ए नंतर लिहितात, टी-पी-ए-एलमध्ये ए आधी आणि एल नंतर येतो. अक्षरांविना लिहिलेल्या ‘२-१’ चे दोन वाचकांना दोन अर्थ लागतील, आणि दोघांनाही आपलेच बरोबर वाटेल.

## टप्पा ८: आकड्यांशेजारचे शब्द

ओळीच्या खाली जी इतर संक्षिप्त रूपे येतात, त्यांतली नेहमीची अशी: एफटीएनडी म्हणजे पूर्ण दिवसांची नैसर्गिक प्रसूती, एलएससीएस म्हणजे सिझेरियन, आययूएफडी म्हणजे गर्भाशयातच बाळाचा मृत्यू, एनएनडी म्हणजे जन्मानंतरच्या २८ दिवसांत दगावलेले बाळ, एमटीपी म्हणजे कायदेशीर वैद्यकीय गर्भपात, एमएल म्हणजे लग्नाला झालेली वर्षे. सिझेरियनसाठी नुसते एलएससीएस पुरत नाही. ते कोणत्या कारणासाठी झाले आणि कोणत्या महिन्यात, कोणत्या वर्षी झाले हे लिहावे, कारण पुढील प्रसूतीचा विचार करताना डॉक्टर नेमके हेच दोन प्रश्न विचारतात. बीओएच, म्हणजे प्रतिकूल प्रसूतिइतिहास, हे लेबल आपण होऊन लावू नये. ते ठरवणे डॉक्टरांचे काम आहे.

## टप्पा ९: वाचून दाखवणे, गोपनीयता आणि पुढील बदल

लिहून झाल्यावर अक्षरे नव्हे, तर ओळी तिला वाचून दाखवाव्यात: ‘ताई, चार वेळा दिवस राहिले, दोन बाळंतपणे, एकदा गोळ्या, बरोबर?’ या टप्प्यावर पुष्कळदा एखादी नवी ओळ निघते, तेव्हा कागदावर जागा सोडलेली असावी.

वैद्यकीय गर्भपात कायद्यात २०२१ च्या दुरुस्तीने घातलेल्या कलमानुसार गर्भपात केलेल्या स्त्रीचे नाव आणि तपशील डॉक्टरांनी कायद्याने अधिकार दिलेल्या व्यक्तीखेरीज कोणालाही सांगायचे नाहीत. नोंद घेणाऱ्यांनीही तोच दंडक पाळावा. रुग्णालयातील केसपेपरवर सत्य आणि पूर्ण माहिती असलीच पाहिजे. माता व बाल संरक्षण कार्ड मात्र घरी जाते आणि घरातले सगळे ते उघडून पाहतात, त्यामुळे त्यावर काय लिहायचे हे तिला विचारून आणि डॉक्टरांच्या कानावर घालून ठरवावे. ए हे अक्षर गर्भ आपोआप पडला की पाडला हे सांगत नाही, तेव्हा घरी जाणाऱ्या कागदावर तेवढे अक्षर ठेवून तपशील आतल्या कागदावर लिहिता येतो.

प्रसूती झाल्यावर जी तोच राहतो, पी एकने वाढतो आणि एल जिवंत बाळांच्या संख्येने वाढतो. पुढच्या वेळी तीच स्त्री नोंदणीला आली की जुन्या केसपेपरवरून ओळ उतरवून घेण्याचा मोह टाळावा, कारण मधल्या काळातील गर्भधारणा त्या कागदावर असणे शक्य नाही. कळव्याच्या, वाशीच्या किंवा मुंबईच्या मोठ्या रुग्णालयात रात्री पाठवायची वेळ आली तर संदर्भपत्रावर आकड्यांच्या ओळीबरोबर टप्पा २ च्या सर्व ओळी, रक्तगट, आजचे आठवडे आणि पूर्वीच्या सिझेरियनचे कारण उतरवावे आणि खाली लिहिणाऱ्याची सही, तारीख व वेळ टाकावी.